भिंतीवरचा ७.४ किलोवॅटचा चार्जर: बॅटरीच्या तब्येतीच्या दृष्टीने एक परीक्षण

गेली दोन वर्षे माझी इलेक्ट्रिक कार मुख्यतः घरच्या भिंतीवर बसवलेल्या ७.४ किलोवॅटच्या एसी (घरातल्या विजेसारख्या, दिशा बदलत वाहणाऱ्या प्रवाहाच्या) चार्जरवर चार्ज होत आहे. त्याआधी काही महिने मी गाडीसोबत मिळालेली, साध्या सॉकेटला लावायची केबल वापरली, आणि लांबच्या प्रवासात डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचे) फास्ट चार्जरही वापरले. चार्जर घेताना मनात एकच धास्ती होती, ती म्हणजे वेग वाढवला की बॅटरीचे आयुष्य घटेल का.

खरे पाहता भिंतीवरचे हे यंत्र चार्जर नव्हेच. ते एसी वीज सुरक्षितपणे गाडीपर्यंत पोहोचवते. तिचे डीसीमध्ये रूपांतर करण्याचे काम गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो, आणि तो जर ३.३ किलोवॅटचाच असेल तर भिंतीवर कितीही मोठे यंत्र बसवले तरी वेग वाढत नाही. डीसी स्टेशनवर मात्र हे रूपांतर बाहेरच होते आणि वीज थेट बॅटरीत जाते.

माझी बॅटरी ४० किलोवॅट-तासांची आहे. ७.४ किलोवॅट म्हणजे तिच्या क्षमतेच्या तुलनेत ताशी पाचव्या हिश्श्याहूनही कमी दर, आणि साध्या सॉकेटवर तो याच्या निम्म्याहून खाली येतो. हे दोन्ही दर इतके सौम्य आहेत की सॉकेटवर सावकाश भरल्याने बॅटरी अधिक टिकते हा समज मला पटत नाही. उलट चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जागी राहते, त्यामुळे तास वाढले की थोडी वीज वायाच जाते.

५० किलोवॅटच्या डीसी चार्जरवर हाच दर जवळजवळ सातपट होतो, सेल तापतात, आणि बॅटरी थंडगार असताना इतका प्रवाह दिला तर लिथियम सेलच्या ऋण टोकाच्या ग्राफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूरूपाने साचू लागते, जे नुकसान पुरते भरून निघत नाही. हे टाळण्यासाठीच बॅटरी व्यवस्थापन प्रणाली थंडीत प्रवाह आवरते आणि साधारण ८० टक्क्यांनंतर वेग बराच कमी करते. त्यामुळे प्रवासातल्या अधूनमधूनच्या फास्ट चार्जिंगची मी चिंता सोडली आहे. रोजचे चार्जिंग तिथे करणे मात्र मी टाळेन.

माझी खरी चूक वेगळीच होती. संध्याकाळी घरी आलो की केबल लावायची, मध्यरात्रीच्या आत गाडी १०० टक्के, आणि सुट्टी असेल तर दुसरा अख्खा दिवस ती तशीच उन्हात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीला भरलेली अवस्था आणि उष्णता ही जोडी सोसत नाही, कारण इलेक्ट्रोलाइटच्या (सेलमधल्या, विद्युतभारित कण वाहून नेणाऱ्या द्रवाच्या) विघटनाचा वेग गाडी उभी असतानाही वाढतो. आता चार्जरचा टायमर मी असा लावतो की पहाटे, निघण्याच्या थोडे आधी, बॅटरी ८० टक्क्यांवर पोहोचावी. लिथियम आयर्न फॉस्फेट या दुसऱ्या प्रकारची बॅटरी असणाऱ्यांचे गणित वेगळे आहे: त्या सेलचा व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहतो, त्यावरून बॅटरी किती भरली हे नेमके ओळखता येत नाही, म्हणून टक्केवारीचा अंदाज चुकू नये यासाठी अनेक उत्पादक ती बॅटरी अधूनमधून पूर्ण भरायला सांगतात. आपल्या गाडीची पुस्तिका काय म्हणते ते आधी वाचावे.

तक्रारी दोन. वीज जाऊन आली की माझ्या यंत्राचा टायमर वेळ विसरतो, आणि हे एखाद्या सकाळी अर्ध्या बॅटरीनिशी निघावे लागेपर्यंत लक्षातही येत नाही. दुसरी तक्रार यंत्राची नसून जाहिरातीची आहे. ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असल्याचा दावा होता, पण नेहमीच्या एसी जोडणीत चार्जरला बॅटरीची टक्केवारी कळतच नाही. ती मर्यादा गाडीतच लावावी लागते. माझ्या गाडीत ती सोय नाही. म्हणून ५० वरून ८० टक्क्यांसाठी, रूपांतरातली घट धरून, पावणेदोन तासांच्या आसपास असा हिशेब मी चार्जरशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे.