महाराष्ट्र पोलिसांचे नागरिक पोर्टल : एफआयआर वाचण्याची सोय
जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख निवडली की या पोर्टलवर त्या ठाण्यात नोंदवलेले एफआयआर वाचता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने संवेदनशील गुन्हे वगळता ते शक्यतो २४ तासांत संकेतस्थळावर टाकणे बंधनकारक केले, आणि सामान्य नागरिकासाठी ही फार मोलाची सोय आहे. आमच्या गल्लीतल्या दुचाकीचोरीची नोंद मी तिथेच वाचली : घटनेची वेळ, भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३(२), फिर्यादीचा जबाब, सारे मराठीत. एकूण आकड्यांसाठी मी एनसीआरबीचा (देशभरातील गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) वार्षिक अहवाल उघडतो. मात्र एका एफआयआरमध्ये अनेक कलमे असली तरी या अहवालात सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो, त्यामुळे किरकोळ गुन्ह्यांचे आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात.