ऑफिसची पार्टी: बीकेसी की फोर्ट?

दहा-पंधरा जणांनी बाहेर बसायचं ठरलं की आमच्याकडे लगेच दोन तट पडतात. तरुण पोरांना बीकेसी, म्हणजे मुंबईतलं वांद्रे-कुर्ला संकुल, हवं असतं, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. तिथे सगळ्यांना एकच लांबलचक टेबल मिळतं, म्युझिक असतं, कॉकटेल झकास असतात. आधी जिओ वर्ल्ड ड्राइव्ह मॉलला सिनेमा किंवा एनएमएसीसीत (नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर) नाटकही जोडता येतं. मोठा क्लायंट तिथल्याच हॉटेलात उतरला असेल, तर मीही त्याला बीकेसीतच नेईन.

पण परत निघायचं कसं? स्टेशन म्हणजे वांद्रे नाहीतर कुर्ला, आणि तिथवर रिक्षा. स्टार्टर संपतात न संपतात तोच निम्म्या माना मोबाइलमध्ये जातात. एकाची कॅब सापडते, तर दुसऱ्याचा ड्रायव्हर 'कुठं जायचंय' विचारून ट्रिप कॅन्सल करतो. बिर्याणी टेबलावर येते तेव्हा बदलापूरवाला उठलेला असतो, आणि विरारवाल्या मुलीला एकटी कसं सोडायचं म्हणून आणखी एक जण उठतो. गप्पा रंगायच्या वेळीच बैठक मोडते. माझं मत फोर्टकडे फिरलं ते यामुळेच. मेट्रोने आता हाल कमी झालेत, पण ती लोकलच्या बरीच आधी बंद होते.

दक्षिण मुंबईतल्या फोर्टात जेवण झालं की रमतगमत सीएसएमटी किंवा चर्चगेट स्टेशन. गाड्या तिथूनच सुटतात, त्यामुळे डोंबिवलीपर्यंत बसून जाता येतं. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून बीकेसीतली मंडळी मेट्रोने थेट फोर्टातल्या हुतात्मा चौकाला उतरतात.

खाण्यात तर मला फोर्टच उजवं वाटतं. हॉर्निमन सर्कलजवळच्या अपूर्वाला बसून गस्सी (नारळाची मंगळुरी आमटी) आणि नीर डोसा मागवा. नुसती बिअर आणि गप्पा असतील तर कॅफे युनिव्हर्सल किंवा कॅफे मिलिटरी. शाकाहारी जास्त असतील तर काळा घोड्याला १९४६ पासूनचं चेतना आहे, थाळीला कुणी नाव ठेवत नाही. बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव मात्र फक्त दुपारी, रात्रीच्या यादीत तो धरू नका.

टेबलं लहान, दोन-तीन जोडावी लागतात, गलकाही असतो, हे कबूल. सगळी मंडळी वांद्रे-अंधेरीचीच असतील, तर बीकेसी सोयीचं पडेल. एरवी मी फोर्टलाच फोन लावतो, शक्यतो गुरुवारसाठी, कारण शुक्रवारी जोडून टेबलं मिळणं मुश्किल.