फिनिक्सहून रॅलेला बिऱ्हाड हलवताना : एका मूव्हर्स कंपनीचा अनुभव

अ‍ॅरिझोनातील फिनिक्सहून नॉर्थ कॅरोलायनातील रॅले येथे येण्यासाठी आम्ही ज्या मूव्हर्स कंपनीची सेवा घेतली, तिच्या सामान बांधण्याच्या कामाला मी पूर्ण गुण देईन. २०२३ मध्ये जिथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक राहिले, त्या शहरात ऐन जुलैत ही माणसे पहाटेच हजर झाली आणि ऊन चढण्यापूर्वी ट्रक भरून मोकळी झाली. बंद ट्रकमध्ये टिकणार नाहीत म्हणून औषधे आणि मेणबत्त्या त्यांनी आमच्याच गाडीत ठेवायला लावल्या. मिरजेच्या तानपुऱ्याच्या तारा सैल करून त्यांनी भोपळ्याभोवती फोमचे जाड थर गुंडाळले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

नुकसानभरपाईबाबत मात्र त्यांचा प्रतिनिधी घाईत बोलला. मूळ दरात भरपाई वजनावर, म्हणजे पौंडामागे फक्त ६० सेंट मिळते. त्यामुळे तानपुऱ्यासारख्या हलक्या पण मोलाच्या वस्तूंसाठी पूर्ण मूल्याचे संरक्षण अवश्य घ्यावे.

वाळवंटात सुकलेले लाकूड इथल्या दमट उन्हाळ्यात फुगते, हेही कोणी सांगितले नाही. आमच्या शिसवी कपाटाचे खण अडकू लागले आहेत, परंतु हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातील हवा कोरडी होऊन लाकूड पुन्हा आकसते, म्हणून लगेच रंधा मारून घेऊ नये.