दुकानातल्या टीव्हीवर कॅमेरे फुल स्क्रीन: ब्राउझरचं प्लग-इन, व्हीएलसी, सीएमएस की सरळ एचडीएमआय?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू असताना अडत्याला गादीवर बसून दोन गोष्टी दिसायला हव्यात: दारात गाडी कोणाची लागली आणि काट्यावर आकडा काय आला. कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी), भिंतीवरचा टीव्ही सगळं असतं. घोडं पेंड खातं ते चित्र टीव्हीभर मोठं करताना. खालच्या चार वाटा पारखताना एकच कसोटी लावावी. फुल स्क्रीन केल्यावर काट्यावरचा आकडा वाचता येतो का?

ब्राउझरच्या वाटेनं सगळे आधी जातात आणि सगळ्यात जास्त तिथंच अडकतात. जुन्या डीव्हीआरचं वेबपेज अ‍ॅक्टिव्हएक्स प्लग-इन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) मागतं, आणि ते चालायचं फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. क्रोमनं जुन्या धर्तीची प्लग-इन २०१५ मध्येच बंद केली, एक्सप्लोररही १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. आता उरला मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरचा आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोड. एजच्या सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट ब्राउझर' उघडा, आयई मोडला परवानगी द्या, एज बंद करून पुन्हा सुरू करा आणि डीव्हीआरचा आयपी पत्ता त्या यादीत घाला. ही नोंद ३० दिवस टिकते. 'काल चालत होतं, आज प्लग-इन टाका म्हणतंय' या तक्रारीमागे बऱ्याचदा हे ३० दिवसच असतात.

प्लग-इन टाकताना ब्राउझरच्या सगळ्या खिडक्या बंद हव्यात, नाहीतर जुनी फाइल तशीच राहते. टाकूनही चौकट काळीच दिसली तर कॅमेऱ्याचं एन्कोडिंग, म्हणजे चित्र दाबून पाठवायची पद्धत, बघा. एच.२६५ किंवा त्याचा 'प्लस' प्रकार असेल तर जुन्या प्लग-इनला तो उलगडत नाही, डीव्हीआरमध्ये एच.२६४ करा. डबल क्लिक केल्यावर चित्र एका कोपऱ्यात सरकतं किंवा अर्धं कापलं जातं, तेव्हा दोष बहुधा विंडोजच्या डिस्प्ले स्केलिंगचा असतो. १२५ किंवा १५० टक्के असेल ते १०० वर आणा. आणि टीव्ही दुसरा मॉनिटर म्हणून जोडला असेल तर फुल स्क्रीन बऱ्याचदा लॅपटॉपवरच उघडतं. अशा वेळी टीव्हीला मुख्य डिस्प्ले करा.

एवढं करूनही आकडा पुसटच! कारण बहुतेक वेबपेज आपणहून सब स्ट्रीम, म्हणजे कमी रिझोल्युशनचं हलकं चित्र, दाखवतात. ७०४ × ५७६ चं चित्र ४३ इंची टीव्हीवर ताणलं की ८ आणि ६ सारखेच दिसणार. त्या कॅमेऱ्यापुरतं मेन स्ट्रीम (पूर्ण रिझोल्युशनचं चित्र) निवडावं लागतं, तेही दर वेळी. म्हणून ब्राउझर सेटिंग बदलण्यापुरता ठेवावा. दिवसभर बघण्याचं ते साधन नव्हे.

व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर एकाच कॅमेऱ्यासाठी उत्तम. कंट्रोल-एन दाबून कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता, म्हणजे थेट चित्राचा नेटवर्कवरचा पत्ता, टाका (पोर्ट बहुधा ५५४), मग एफ दाबला की फुल स्क्रीन. मेन स्ट्रीमचा पत्ता दिला तर १९२० × १०८० पूर्ण मिळतं. चित्र ओघळल्यासारखं, ठिपक्याठिपक्यांचं दिसलं तर वाटेत डेटाची पाकिटं गळतायत. प्रेफरन्सेसमध्ये 'इनपुट / कोडेक्स' खाली आरटीपी ओव्हर आरटीएसपी, म्हणजे टीसीपी, निवडा. कॅशिंग, म्हणजे दाखवण्याआधी चित्र साठवायचा वेळ, मुळात १००० मिलिसेकंद असतं, ते ३०० वर आणलं की उशीर कमी होतो. मात्र वीज जाऊन आली की व्हीएलसी आपणहून परत जोडेलच असं नाही, आणि १६ कॅमेऱ्यांची जाळी (सगळे एकाच पडद्यावर) त्याच्याकडून मागू नये.

सीएमएस, म्हणजे डीव्हीआर कंपनीचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर, इथं प्लग-इनपेक्षा सरळसरळ उजवं. जाळीत सब स्ट्रीम आणि चौकट मोठी केली की मेन स्ट्रीम अशी सोय बऱ्याच सॉफ्टवेअरांत असते, दुसऱ्या मॉनिटरवर वेगळी खिडकी टाकता येते. गोदाम कुपवाडला आणि दुकान यार्डात असेल तर हीच वाट. फक्त गोदामाच्या इंटरनेटचा अपलोड तपासा: मेन स्ट्रीम ४ एमबीपीएसची धरली तर १६ कॅमेऱ्यांना ६४ लागतात, ५१२ केबीपीएसच्या सब स्ट्रीमला सगळे मिळून ८. कॉम्प्युटर जुना असून एच.२६५ चित्र अडखळत असेल तर सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग चालू करा. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून पुढे त्याचा खरा उपयोग होतो.

टीव्ही आणि डीव्हीआर एकाच इमारतीत असतील तर मात्र कॉम्प्युटरच मधून काढा. एचडीएमआय केबल थेट लावली की ब्राउझर नको, अपडेट नको, पासवर्डची खिडकी नको. अडचण अंतराची. २०१९ चा पूर पाहिल्यावर डीव्हीआर वरच्या मजल्यावर ठेवणं शहाणपणाचंच, पण साधी एचडीएमआय केबल १०-१५ मीटरच्या पुढे दगा देते. तिथं कॅट-६ वरचा एचडीएमआय एक्स्टेंडर घ्या, तोही माऊससाठी यूएसबी असलेला. नाहीतर चौकट मोठी करायला दर वेळी जिना चढा. टीव्हीवर 'नो सिग्नल' आलं तर डीव्हीआरचं आउटपुट ४के वर गेलं असण्याची शक्यता मोठी. व्हीजीएवर जुना मॉनिटर लावून ते १९२० × १०८० करा. कडेची तारीख-वेळ कापली जात असेल तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असतं.

मेन स्ट्रीम थेट केबलवर बघूनही काट्याचा आकडा लागत नसेल, तर स्क्रीनशी झटापट थांबवा. २.८ मिलिमीटरची लेन्स अख्खा गाळा दाखवण्यासाठी असते; काट्यावर ६ मिलिमीटरचा वेगळा कॅमेरा लावा.