जुळवलेले लग्न की पळून जाऊन केलेले: आयरिश खेड्यांतील दोन वाटा

एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण आयर्लंडमध्ये लग्नाची मुख्य वाट मध्यस्थाची होती. तो दोन्ही घरांत बोलणी करी, मुलीकडची मंडळी मुलाच्या शेतावर जाऊन जमीन, गुरे आणि घर नजरेखालून घालत, आणि मग हुंड्याचा आकडा ठरे. 1845 मध्ये सुरू झालेल्या मोठ्या दुष्काळानंतर शेताचे तुकडे न करता ते एकाच मुलाला देण्याची रीत बळावल्यामुळे या सौद्याला फारच वजन आले, कारण आलेल्या हुंड्यातूनच पुष्कळदा नवऱ्याच्या बहिणीची पाठवणी होत असे. लेंटच्या उपवासकाळात कॅथलिक विवाह होत नसल्याने त्याआधीच्या श्रोव्ह मंगळवारपर्यंत अशा लग्नांची झुंबड उडे.

दुसरी वाट पळून जाण्याची. जोडपे रात्री एखाद्या नातेवाइकाच्या घरी जाऊन राही आणि अब्रूच्या धास्तीने आईवडील संमती देत. यात घासाघीस टळे, पण हुंड्यावर पाणी सोडावे लागण्याची भीती मोठी. म्हणून ज्याच्या वाट्याला जमीन येणारच नव्हती त्याला ती अधिक परवडे. मन साहजिकच या जोडप्याकडे झुकते, तथापि म्हातारपणाची सोय पाहणाऱ्या आईवडिलांचा हिशेबही निव्वळ लोभाचा नव्हता. पेंढ्याच्या उंच टोप्यांनी तोंडे झाकून बिनबोलावता नाचायला येणारे ‘स्ट्रॉबॉय’ मात्र मेजवानीच्या लग्नघरीच शोभत.