लोणेरे की मुंबई विद्यापीठ? कोकणात कॉम्प्युटरला प्रवेश घेताना

कोकणात राहून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं तर पदवीवर बहुधा दोनपैकी एका विद्यापीठाचं नाव येतं: लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं 'बाटू', नाहीतर मुंबई विद्यापीठ. एकाची बीटेक, दुसऱ्याची बीई. नोकरीला किंवा गेटला, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेला, त्याने काही अडत नाही.

फसगत होते ती बाटूच्या नावाने. 1989 साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ 2014 च्या कायद्यानंतर राज्यभरच्या कॉलेजांना संलग्नता देऊ लागलं. त्यामुळे प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्ममध्ये बाटू दिसलं म्हणजे तो लोणेऱ्याचा कॅम्पस असेलच असं नाही. संलग्न कॉलेजात पदवी बाटूची मिळते, पण शिकवणारे, लॅब आणि प्लेसमेंट त्या कॉलेजची असते. कॉलेज कोड ताडून पाहिल्याशिवाय पर्याय भरू नका. होस्टेलवर राहायची तयारी असेल तर लोणेरे कॅम्पस वर ठेवावा, कारण एमटेक-पीएचडी चालवणारा विभागच तिथे बीटेकलाही शिकवतो. गुणांची विभागणी मात्र आधी समजून घ्या: थिअरीच्या विषयाला 20 सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे, 20 मिड-सेमचे, 60 शेवटच्या परीक्षेचे. सगळं शेवटावर ढकलणाऱ्याचे 40 गुण आधीच हातचे जातात.

मुंबई विद्यापीठाची पदवी आणि शहरात राहण्याची सोय दोन्ही हवी असेल तर रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतलं, 1996 साली सुरू झालेलं फिनोलेक्स कॉलेज पाहावं. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि पेपर त्याचे स्वतःचे, पदवी विद्यापीठाची. म्हणून वरच्या वर्गातल्या मुलांच्या जुन्या नोट्स चालतील का, हेही विचारा.

बारावीच्या गुणांवर प्रवेश हवा असेल तर रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर कॉलेजला बीएस्सीचा पर्याय आहे. तीन वर्षं, पुढे सीईटी देऊन दोन वर्षांचं एमसीए. खर्च कमी, पण एमसीए करायचंच या हिशेबाने घ्या.

पर्यायांचा क्रम चुकला की चार वर्षं भोगावं लागतं. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, 2025 च्या नियमांत पहिल्या फेरीला पहिला, दुसरीला पहिल्या तीनपैकी आणि तिसरीला पहिल्या सहापैकी कुठलाही पर्याय मिळाला की ऑटो-फ्रीझ, म्हणजे तीच जागा आपोआप पक्की. मग पुढच्या फेरीत जाता येत नाही. 'असू दे, घराजवळ आहे' म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकू नका. फीचा नियमही इथेच लागतो: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला ती सवलत नाही. होस्टेल आणि मेस वेगळे.

कॉलेज बघायला जुलैच्या पावसात जा. वीज गेल्यावर लॅबचा यूपीएस किती मिनिटं टिकतो, वीस जणांच्या बॅचला चालू मशीन किती, रॅम किती, हे उभं राहून मोजा. 8 जीबीवर अँड्रॉइड स्टुडिओ रडत चालतो. डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टीम कोण शिकवतं, ते कायम आहेत की तासिका तत्त्वावर, हे टाइमटेबल मागूनच कळतं. तासिकेवाले अर्ध्या सेममध्ये सोडून गेले की प्रॅक्टिकलच्या फाइली नुसत्या उतरवल्या जातात.

जाण्यायेण्याचंही बघा. लोणेऱ्याला गोरेगाव रोड स्टेशन जवळ, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. माणगावला उतरून एसटी बरी. लवेलचं घरडा कॉलेज हायवेवर आहे, आंबवचं राजेंद्र माने कॉलेज देवरुखकडे आत. तिथे रोज येऊन-जाऊन करणार असाल तर प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं आणि शेवटची एसटी किती वाजता, हे प्रवेशाआधी विचारा.