सर्व्हिंग बोर्ड घ्यायचाय: शिसम, साग की आंबा?

दुकानात तिन्ही फळ्या शेजारी मांडलेल्या असल्या की हात आधी आंब्याच्या लाकडाकडे जातो. कारण उघड आहे, किंमत. पण आपल्या घरी या फळीवर चीज आणि द्राक्षं क्वचितच येतात. येते ती कोथिंबीरवडी, ढोकळा, भजी आणि कडेला चटणी. म्हणजे तेल, हळद आणि ओल. निवड त्या हिशेबानं करावी.

आंबा स्वस्त पडतो, कारण फळं देईनाशी झालेली झाडं तोडून हे लाकूड मिळतं. रेषा देखण्या असतात. खोट एकच, पण मोठी: लाकूड नीट वाळवलेलं नसेल तर त्याला कीड लागते. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला की समजावं. सुकी भाकरवडी, फळं, सुकामेवा एवढंच मांडायचं असेल तर आंबा पुरतो.

सागाच्या अंगातच तेल असतं. तो पाणी सोसतो, फुगतो-आकसतो कमी, त्यामुळे पावसाळ्यात फळी सहसा वाकडी होत नाही. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर पुढचं वाचायची गरज नाही, साग घ्या. फक्त कडेला फिकट पट्टा नाही ना, ते बघा. तो खोडाचा बाहेरचा भाग, त्यात गाभ्याचा टिकाऊपणा नसतो. सागात सिलिका, म्हणजे वाळूतला कठीण पदार्थही असतो, त्यामुळे त्याच फळीवर रोज भाजी चिरली तर सुरीची धार लवकर जाते.

शिसम जड, टणक आणि गडद. हळदीचा डाग त्यावर शोधावा लागतो. देशावरच्या कोरड्या हवेत, रोजच्या वापरासाठी मी शिसमच घेईन. वजन मात्र हातात धरून बघा. भरलेली फळी एका हातानं आणणं जमत नाही.

लाकडापेक्षा मी पॉलिश जास्त बारकाईनं बघते. काचेसारखी चकाकणारी फळी वॉर्निशची असते. सुरीचा चरा पडला की तो थर सुटतो, पाणी आत शिरतं. तेल पाजलेली, मंद तुकतुकीची फळी घ्यावी.

आता तेल कुठलं? शेंगदाणा किंवा तिळाचं नको, काही दिवसांत फळी चिकट होते आणि खवट वास येतो. औषधाच्या दुकानात पोट साफ व्हायला मिळणारं लिक्विड पॅराफिन उत्तम, ते खवट होतच नाही. जवसाचं तेल हवेनं घट्ट होऊन लाकडात चांगलं बसतं, पण रंगाच्या दुकानातलं 'बॉइल्ड' घेऊ नका, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. जवसाचं तेल लावलेला कापडाचा बोळा चुरगळून टाकला तर आपोआप पेटू शकतो, तो पसरून वाळवायचा. पॅराफिन चोळून रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. लाकूड फिकट, कोरडं दिसू लागलं की पुन्हा.

धुताना बुडवून ठेवायची नाही. दोन्ही बाजू ओल्या करून लगेच पुसायच्या आणि फळी उभी वाळवायची. एकच बाजू ओली राहिली की ती वाकते. हळदीचा डाग साबणानं लाल झाला तर घाबरू नका, लिंबू फिरवा, लाली जाते. उरलेला पिवळेपणा कोवळ्या उन्हात हळूहळू फिका पडतो. दुपारच्या उन्हात ठेवलीत तर तडा जाईल.

लग्नात भेट द्यायची असेल तर सोबत पॅराफिनची छोटी बाटली द्या. नाहीतर बिचारे खोबरेल लावतील.